हाघपात, सनाहीन आणि देबेदची दरी : अनुभव धागा

उत्तर आर्मेनियाच्या लोरी प्रांतात देबेद नदीच्या दरीवर हाघपात आणि सनाहीन हे दहाव्या शतकातले मठ आहेत. जाऊन आलेल्यांनी नेमकं लिहा: कसं जायचं, काय बघायचं, कुठे फसायला होतं.

*

आधी नकाशा समजून घ्या. राजधानी येरेवानहून मठांजवळचं अलावेर्दी शहर साधारण १७० किलोमीटर, मार्शुत्काने, म्हणजे मिनीबसने, जाता येतं. पण अलावेर्दी दरीच्या तळाशी आहे आणि दोन्ही मठ वर पठारावर. नकाशावर जवळ दिसतं म्हणून सामान घेऊन चालत निघालात तर चढ दमवतो. अलावेर्दीतून टॅक्सी करा आणि भाडं थांबण्याचा वेळ धरूनच ठरवा. गावात रोख द्राम, म्हणजे आर्मेनियाचं चलन, लागतं. शेजारच्या जॉर्जियाच्या राजधानीहून, तिबिलिसीहून येणं जास्त सोयीचं, मात्र जॉर्जियाचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत तिकडे जाता येत नाही, हे तिकीट काढण्याआधी बघा.

*

हाघपातला किमान तीन तास द्या. बहुतेक जण थेट मुख्य चर्चमध्ये, सुर्ब न्शानमध्ये शिरतात. त्याआधी बाहेरून पूर्वेच्या भिंतीकडे जा. वर दोन राजपुत्र, स्म्बात आणि गुर्गेन, हातात चर्चची छोटी प्रतिकृती धरून उभे आहेत. भिंत पूर्वाभिमुख असल्याने कोरीवकाम सकाळच्या उन्हातच नीट दिसतं, दुपारी सावलीत सपाट वाटतं.

मग गावित. गावित म्हणजे चर्चला लागून बांधलेलं दालन: सभा, शिकवणं, दफन, सगळं इथे. छताला जाडजूड कमानी एकमेकींना छेदतात आणि मधल्या झरोक्यातून, येर्दिकमधून, उजेड खाली येतो. पायाखालच्या फरशा म्हणजे थडगी आहेत. पाय द्यावा की नाही म्हणून आपण बिचकतो, पण लोकांनी वरून चालावं म्हणूनच ती तिथे ठेवलेली आहेत, ती नम्रतेची खूण आहे.

१२७३ सालचा आमेनाप्र्किच खाचकार चुकवू नका. खाचकार म्हणजे क्रूस कोरलेली उभी शिळा. बहुतेकांवर नुसता क्रूस आणि वेलबुट्टी असते. इथे क्रूसावरचा ख्रिस्त आणि भोवती माणसं आहेत, हे फार क्वचित दिसतं. तिरप्या उजेडात जवळून बघा, खाचांमध्ये जुन्या लाल रंगाचे अंश सापडतात. ग्रंथालयाच्या जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मोठे रांजण आहेत. ही जागा पुढे कोठार म्हणून वापरली गेली.

*

वरच्या प्रतिसादात थोडी भर. हाघपातला आत अंधार असतो, टॉर्च हवाच. फरशी झिजून गुळगुळीत झाली आहे, पावसात घसरते. मेणबत्त्या पातळ, पिवळ्या. वाळूच्या तबकात खोचायच्या. निघताना स्थानिक लोक वेदीकडे पाठ न करता मागे सरकत दाराबाहेर पडतात, तसंच करा.

*

सनाहीन ते हाघपात चालत जाता येतं, साधारण ७ किलोमीटर, आकनेर गावावरून. मध्ये कायानबेर्द किल्ल्याचे अवशेष आणि एक खोल घळ आहे. चूक इथेच होते: दोन्ही गावं समोरासमोर दिसतात, म्हणून लोक तासाभराचा हिशेब करतात. उतरून परत चढायचं असल्याने तीन तास धरा. ओल्या मातीत नको. सनाहीनला अकादमीची अरुंद कमानदार वाट बघा: विद्यार्थी दोन्ही बाजूंच्या दगडी बाकांवर बसत. गावात मिकोयान बंधूंचं संग्रहालय आहे. मिग लढाऊ विमानांचे रचनाकार आर्त्योम मिकोयान इथलेच. अंगणात मिग-२१ उभं आहे.

*

शाकाहारींसाठी. "अरांत्स म्सी" म्हणजे मांसाशिवाय. वयस्कर लोकांना रशियन "बेझ म्यासा" कळतं. पण एवढ्याने भागत नाही. स्पास हे दह्याचं आणि गव्हाचं गरम सूप बिनमांसाचं असलं तरी त्यात बहुधा अंडं फेटून घालतात, वेगळं विचारा. तोल्मात, म्हणजे पानांत सारण गुंडाळून केलेल्या पदार्थात, खिमा असतो. कडधान्यं भरलेला कोबीचा "पासुत्स तोल्मा" मागा. मात्सून म्हणजे आपलं दहीच, तान म्हणजे ताक. मुक्कामाच्या घरी जेवण हवं असेल तर सकाळीच सांगून ठेवा, ऐनवेळी मागितलं तर लवाश (पातळ रोटी), चीज आणि टोमॅटोवर भागवावं लागतं.

*

एक दिवस जास्त असेल तर याच दरीतलं ओदझुन गाव आणि कोबायरचा पडका मठ. ओदझुनचं गुलाबी दगडाचं चर्च या दोन्ही मठांपेक्षा कितीतरी जुनं आहे. शेजारी पायऱ्यांच्या जोत्यावर, कमानींखाली दोन उंच कोरीव शिळा उभ्या आहेत. चारही बाजूंनी फिरून बघा. कोबायरला रस्त्यावरून रेल्वेरूळ ओलांडून घरांमधून वर चढावं लागतं. अर्ध्या पडलेल्या चर्चच्या गोलाकार भिंतीवर तेराव्या शतकातली भित्तिचित्रं शिल्लक आहेत.