मदत हवी आहे : खारफुटीच्या वतीने दावा कोण लावणार?

नमस्कार मंडळी. लॉच्या मुलांसाठी व्हिएतनामच्या खारफुटीवर एक तास घ्यायचाय. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी तिथे एजंट ऑरेंजसारखी तणनाशकं फवारली. सायगावजवळच्या कान जॉची खारफुटी बहुतेक वाळून गेली, चिखलात नुसते खुंट उरले. १९७८ पासून लोकांनी चिखलात उतरून पुन्हा लागवड केली. २००० साली युनेस्कोची मान्यताही मिळाली, पण भरपाईचं काय? विषबाधा झालेल्या माणसांचाच दावा २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टानं फेटाळला, तिथं खेकड्यांना कोण विचारतो!

न्यूझीलंडमध्ये माओरींच्या पिढ्यान् पिढ्यांच्या लढ्यानंतर २०१७ च्या कायद्यानं वांगानुई नदीला व्यक्तीचा दर्जा मिळाला, तिच्या वतीने बोलायला दोघे नेमले. मला ही नेमणूकच जास्त महत्त्वाची वाटते. (आपल्याकडे गंगा-यमुनेला तसा दर्जा देणारा निकाल त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं स्थगित केला.)

तर, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जंगलाच्या किंवा नदीच्या नावानं दावा दाखल झाल्याचं उदाहरण कुणाला ठाऊक आहे का? निकाल विरोधात गेला असला तरी चालेल. आणि मुलांना देता येईल असं मराठीत काही असल्यास प्लीज सुचवा, इंग्रजी कागद बघितले की निम्मी मुलं गळतात.