उरुग्वेच्या जर्सीवरचे चार तारे : हक्काचे की लाटलेले?

पेठेतला गोलकीपर
ब्राझीलच्या जर्सीवर पाच तारे, जर्मनी आणि इटलीच्या चार-चार. जितके वर्ल्डकप तितके तारे, इथवर हिशोब जमतो. उरुग्वेचे चार कुठून आले? वर्ल्डकप जिंकले दोन, 1930 आणि 1950. वरचे दोन तारे 1924 च्या पॅरिस आणि 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकचे! असं असेल तर हंगेरीनं तीन तारे शिवून घ्यावेत, त्यांनीही ऑलिंपिकचं सोनं तीनदा जिंकलंय. 2021 मध्ये फिफानं (जागतिक फुटबॉल संघटनेनं) दोन तारे उतरवायला सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या. 2022 ला कतारमध्ये बघतो तर चारही जागच्या जागी. मला टीम आवडते, पण ही सरळसरळ लाटालाटी आहे. बोला.

खारा वारा
हंगेरी इथं लागूच होत नाही. त्यांची तिन्ही सोनी 1952 पासून पुढची, तेव्हा वर्ल्डकप वेगळा होता. 1924 ला दुसरी जागतिक स्पर्धाच नव्हती. ऑलिंपिकचं फुटबॉल फिफाच्या नियमांनी झालं तर ती हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा मानू, असं फिफानं 1914 मध्येच ठरवलं होतं. पॅरिसला 22 संघ होते. तुमच्या 'खऱ्या' 1930 च्या वर्ल्डकपला किती? 13. त्यात युरोपातून आले फक्त चार : फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया, युगोस्लाव्हिया. बाकीच्यांना बोटीचा प्रवास नको होता. मग मोठी स्पर्धा कुठली?

आणि उरुग्वेवाले आले कसे, तर बोटीनं समुद्र ओलांडून, वाटेत स्पेनमध्ये सामने खेळत. पॅरिसमध्ये युगोस्लाव्हियाला 7-0, यजमान फ्रान्सला 5-1, फायनलला स्वित्झर्लंडला 3-0. जिंकल्यावर मैदानाला फेरी मारून लोकांना अभिवादन केलं. लॅटिन अमेरिकेत त्या फेरीला आजही 'ऑलिंपिक फेरी' म्हणतात.

ऑफसाइड आजोबा
'हौशी' हा शब्द किती अलगद सरकवलात! सगळी मेख तिथंच आहे. इंग्लंड, स्कॉटलंड दोन्ही वेळा नाहीत. 1928 पर्यंत तर ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया या तिघांकडे व्यावसायिक फुटबॉल सुरू झालं होतं, म्हणून तेही अ‍ॅमस्टरडॅमला नाहीत. मध्य युरोपातले नावाजलेले खेळाडू बाहेर ठेवून जिंकलेल्या स्पर्धेला जगज्जेतेपद कसं म्हणायचं? व्यावसायिकांना दार बंद होतं म्हणूनच तर फिफाला 1930 ला स्वतःची स्पर्धा काढावी लागली.

कट्ट्यावरचा
1950 ला भारताला ब्राझीलला जायची संधी होती, आपण गेलो नाही. आणि इथं दुसऱ्याच्या जर्सीवरचे तारे मोजतोय. चालू द्या.

मधली फळी
मला तारे हा मुद्दाच गौण वाटतो. 2011 च्या जनगणनेत पुणे शहर 31 लाखांचं होतं. उरुग्वे हा अख्खा देश साधारण 35 लाखांचा. एवढ्या माणसांतून दोन वर्ल्डकप आणि 15 कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेची स्पर्धा! अर्जेंटिना 2024 ला सोळावी जिंकून पुढे गेली, तोवर दोघं बरोबरीत होते.

1916 च्या पहिल्याच कोपात त्यांच्या संघात ग्रादीन आणि देल्गादो हे कृष्णवर्णीय खेळाडू होते. 4-0 नं हरल्यावर चिलीनं तक्रार केली की यांनी आफ्रिकन खेळवले! 1924 ला पॅरिस ज्याच्यासाठी वेडं झालं तो आंद्रादेही कृष्णवर्णीय. पुढे तो दारिद्र्यात गेला, हेही लिहायला हवं. नाहीतर आपण नुसते कप मोजत बसतो.

पेठेतला गोलकीपर
आकड्यांचा मान आहे राव, पण 1950 चं नशीबही बघा. त्यांच्या गटात दोनच संघ उरले होते. एक बोलिव्हिया, त्याला 8-0 धुतलं आणि थेट चार संघांची अंतिम साखळी फेरी. ब्राझीलनं तोवर तीन सामने खेळले होते.

खारा वारा
नशीब?! अंतिम फेरीत ब्राझीलनं स्वीडनला 7-1, स्पेनला 6-1 मारलं होतं. शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरेशी होती. उरुग्वे स्पेनशी 2-2 अडकलेला, स्वीडनला कसाबसा 3-2 हरवून आलेला. रिओच्या माराकाना स्टेडियमात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं. फ्रियासानं ब्राझीलचा गोल केला तेव्हा कॅप्टन ओब्दुलिओ वारेला चेंडू काखेत घेऊन रेफ्रीशी ऑफसाइडसाठी वाद घालत बसला. गोल रद्द होणार नाही हे त्यालाही कळत होतं, त्याला स्टेडियम थंड करायचं होतं. मग उरुग्वेचे गोल : आधी स्कियाफिनो, शेवटी घिजिया. 2-1. ब्राझीलनं पुढे पांढरी जर्सीच टाकून दिली. याला नशीब म्हणत असाल तर म्हणा.

ऑफसाइड आजोबा
1950 वर कुणाचंच बोट नाही. पण 1994, 1998, 2006 ला हे लोक वर्ल्डकपला पोचलेही नव्हते, ते चार ताऱ्यांच्या झगमगाटात दिसत नाही. 2010 चा चौथा नंबर प्रशिक्षक ताबारेझ मास्तरांच्या मेहनतीचा खरा, पण घानाविरुद्ध सुआरेझनं गोललाइनवर हातानं अडवलेला चेंडू विसरू का?

मधली फळी
सुआरेझला लाल कार्ड मिळालं, घानाला पेनल्टी मिळाली. जियाननं बारवर मारली. नियमात होती ती सगळी शिक्षा झाली की.

पेठेतला गोलकीपर
बरं, 1914 चा ठराव मला माहीत नव्हता. 1924 चा तारा दिला. 1928 चा मात्र नाही, आजोबांचा मुद्दा तिथं बसतो. तीन तारे, विषय संपला.

खारा वारा
संपला कसा? 1928 ला इटलीला 3-2 हरवून फायनल अर्जेंटिनाशी. पहिली 1-1 सुटली, तीन दिवसांनी पुन्हा खेळले, 2-1. दोनच वर्षांनी माँटेव्हिडिओत पुन्हा हेच दोघं, 4-2. ती फायनल तुम्ही डोळे झाकून मोजता. तेच दोन संघ अ‍ॅमस्टरडॅमला खेळले तर का नाही मोजायची?