शेंगूनचे गुण कमी झाले आणि त्याच मोसमात तो ऑल-स्टार झाला, हे कसं?

कोपऱ्यातला शूटर (प्रश्न)

एनबीएतल्या (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) ह्यूस्टन रॉकेट्सच्या आल्परेन शेंगूनबद्दल विचारायचं आहे. २०२३-२४ मध्ये सामन्यामागे २१.१ गुण होते, २०२४-२५ मध्ये १९.१. नेमबाजी ५३.७ टक्क्यांवरून ४९.६ वर आली. थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट) तर जेमतेम २३ टक्के पडले. आणि नेमका त्याच मोसमात तो ऑल-स्टार संघात, म्हणजे लीगच्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंत, गेला, मेहमेत ओकुर (२००७) नंतरचा दुसराच तुर्की खेळाडू म्हणून. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये रॉकेट्सने त्याच्याशी ५ वर्षांचा १८.५ कोटी डॉलरचा करारही करून टाकला होता.

मला पोरगा फार आवडतो, म्हणूनच काळजी वाटते. तो खरंच पुढे जातोय की अडकलाय? आणि बाहेरून न मारणारा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) आजच्या खेळात कुठवर जाणार?

मध्यरेषा

संघाचे विजय बघा. २०२१-२२ मध्ये २०, मग २२, मग ४१, मग ५२. ऑल-स्टारचे राखीव खेळाडू प्रशिक्षकांच्या मतांवर निवडले जातात आणि त्यांना हे दिसतं. माझ्यासाठी विषय इथेच संपतो, पण पिव्होट सर काय म्हणतात ते वाचायला आवडेल.

पिव्होट

शूटर, आकडे बरोबर दिलेत. फक्त वाढ कुठे शोधायची यावर माझं मत वेगळं आहे.

मी बरीच वर्षं उंच मुलांना शिकवतो. ‘तू नुसता बास्केटखाली उभा राहा’ एवढंच ज्यांना आधी सांगितलेलं असतं, ती मुलं. त्यामुळे माझी नजर आधी पायांवर जाते, आणि शेंगूनचे पाय पहिल्या दिवसापासून तयार होते. तो काळ्या समुद्राकाठच्या गिरेसुनचा. किशोरवयातच बांदिर्माला बानवित क्लबकडे गेला, २०२० मध्ये बेशिकताशकडे. २०२०-२१ मध्ये तुर्की लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तेव्हा वय होतं १८, आणि समोर अंगाने भरलेले, मुरलेले सेंटर. अशा माणसाला अठरा वर्षांचा पोरगा ढकलून हलवू शकत नाही, त्याच्या डोक्यावरून उडीही मारू शकत नाही. मग खांदा एकीकडे दाखवायचा, पाय रोवून दुसरीकडे वळायचं, तो हवेत गेला की त्याच्या हाताखालून निघायचं. हे सगळं तो तिथून शिकूनच आला. म्हणून एनबीएत त्याने नव्या चाली किती शिकल्या हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. चेंडू त्याला कुठे मिळतो, आणि चेंडू समोरच्यांकडे असताना तो काय करतो, एवढंच मी बघत आलोय.

२०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, तो १६ वा गेला. निवड ओक्लाहोमा सिटीची होती. ह्यूस्टनने पुढच्या दोन पहिल्या फेरीच्या निवडी देऊन त्याला घेतलं. म्हणजे किंमत माहीत होती. तरी पहिल्या वर्षी ७२ सामन्यांपैकी फक्त १३ मध्ये सुरुवातीच्या पाचांत, कारण पुढे क्रिस्टियन वुड. दुसऱ्या मोसमाच्या पहिल्या सामन्यातही सेंटरला ब्रूनो फर्नांडो उतरला. संघ हरतच होता, मग ज्याच्याकडून चेंडू फिरतो त्या मुलाला बसवून ठेवण्यात काय मिळत होतं, हे मला आजही पटलेलं नाही.

२०२३ मध्ये इमे उडोका प्रशिक्षक म्हणून आले, फ्रेड व्हॅनव्लीट पॉइंट गार्डला (चेंडू पुढे आणून खेळ रचणारा) आला, आणि शेंगूनला चेंडू एल्बोवर मिळायला लागला, म्हणजे फ्री थ्रो रेषेच्या टोकाला, बास्केटकडे तोंड करून. एका बाजूने कोणी कापत जातो, दुसऱ्या बाजूने कोणी हँड-ऑफ (हातातून हातात चेंडू) घ्यायला येतो, आणि निर्णय याचा. सामन्यामागे ५ असिस्ट (ज्यावर सोबती लगेच गुण करतो असे पास) तिथून आले. मार्च २०२४ मध्ये वेम्बान्यामाच्या सॅन अँटोनियोविरुद्ध ४५ गुण, १६ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू). काही दिवसांतच सॅक्रामेंटोला घोटा मुरगळला, गुडघ्याच्या हाडाला मार बसला आणि त्याचा मोसम ६३ सामन्यांवर संपला.

आता तुम्ही म्हणता ती घसरण. २०२४-२५ मध्ये आमेन थॉम्पसनसारख्यांची मिनिटं वाढली. धावणारे, झडप घालणारे, बचाव करणारे, पण बाहेरून भरवसा नसलेले. समोरचे संघ सरळ आत गर्दी करतात. शेंगून वळतो तेव्हा तिथे दुसरा माणूस आधीच उभा. त्यात स्टीव्हन ॲडम्स शेजारी असला तर आणखी एक मोठं शरीर आत. अशा गर्दीत ४९.६ टक्के म्हणजे हात बिघडला असं मी म्हणणार नाही.

आणि बचाव बघा. पूर्वी पिक अँड रोलमध्ये (सोबत्याच्या आडोशाने वाट काढायची चाल) समोरचा गार्ड अंगावर आला की शेंगून हात मारायचा, पाय जागेवर, आणि फाउल. आता हात वर ठेवून छातीने वाट अडवतो, पाय हलते ठेवतो. रिबाउंड ९.३ वरून १०.३ वर गेले. रॉकेट्सचा बचाव लीगच्या पहिल्या पाचांत आला आणि सेंटर तोच होता. चार वर्षांपूर्वी ‘याच्यामुळे बचाव कधीच उभा राहणार नाही’ असं म्हणणारे खूप होते.

झोन प्रेस

सर, बचावाचं मान्य. पण २०२५ च्या प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद मालिकांत) गोल्डन स्टेटच्या ड्रेमंड ग्रीनने त्याला आवडत्या जागेपासून दोन-दोन पावलं बाहेर रेटलं ना? गोल्डन स्टेटविरुद्ध सातव्या सामन्यात २१ गुण, १४ रिबाउंड, पण संघाचे एकूण गुण ८९. हरले १०३-८९. बाहेरून एक विश्वासू शॉट असता तर ग्रीनला तसं रेटताच आलं नसतं.

पिव्होट

झोन, त्या मालिकेबद्दल बरोबर आहे. ग्रीन बुटका असूनही खाली बसून कंबरेने ढकलतो, आणि शेंगून अशा वेळी घाईघाईत हूक (डोक्यावरून एका हाताने फेकलेला शॉट) टाकतो. ते सुधारायलाच हवं. पण मी त्याचा प्रशिक्षक असतो तर थ्रीच्या आधी फ्री थ्रो हातात घेतला असता. ६९ टक्के! जो प्रत्येक वळणावर अंगाला अंग लावून खेळतो आणि त्यातून फाउल मिळवतो, त्याचं जवळजवळ प्रत्येक तिसरं फुकट फेकणं वाया जातं. अटीतटीच्या प्लेऑफ सामन्यात हेच गुण निर्णायक ठरतात, आणि यात समोर कोणी बचाव करणाराही नसतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्याच्या हातात मऊपणा भरपूर आहे.

बाकी गर्दीचा प्रश्न माणसं बदलून सुटतो. २०२५ च्या उन्हाळ्यात बाहेरून हमखास मारणारा केविन ड्युरंट आला. त्याला सोडून शेंगूनवर डबल टीम (दोघांनी मिळून बचाव) करायची हिंमत कोण करेल?

तुर्कस्तानसाठी हेच दिसलं. २०२५ च्या युरोबास्केटमध्ये आजूबाजूला शूटर होते तेव्हा पोलंडविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत १९ गुण, १२ रिबाउंड, १० असिस्ट. उपांत्य फेरीत ग्रीसला ९४-६८ ने झोपवलं. रीगातल्या अंतिम सामन्यात जर्मनीकडून ८३-८८ हार, पण त्याचे २८ गुण, आणि स्पर्धेच्या सर्वोत्तम पाचांत डॉन्चिच, यानिस, श्रोडर, फ्रान्झ वॅग्नर यांच्या रांगेत तो. वय २३. ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमाविरुद्ध मोसमाच्या पहिल्याच सामन्यात ३९ गुण, त्यात ५ थ्री. दोन ओव्हरटाइमनंतर संघ एका गुणाने हरला. त्या ५ थ्रीवर मी लगेच मत बनवणार नाही, एका रात्रीवरून शूटर ठरत नसतो.

कोपऱ्यातला शूटर

सर, फार मदत झाली. एकच सामना पूर्ण बघायचा तर कुठला?

पिव्होट

पोलंडचा. त्याला एल्बोवर चेंडू मिळाला की त्याच्याकडे बघूच नका, बाकीचे चौघे कुठे पळतात ते बघा. दोन क्वार्टर तसं पाहिलंत की १० असिस्ट कसे झाले ते समजेल. आणि चालू मोसमात त्याचे फ्री थ्रो महिन्याच्या महिन्याला वेगळे लिहून ठेवा. ७५ टक्क्यांच्या पुढे गेले तर याच धाग्यावर कळवा, मला जाणून घ्यायचंय.