पाणी स्वच्छ तरी गोल्डफिश वर येऊन तोंड मारतायत

प्रश्न:
मंडळी अर्जंट मदत हवीये. ४० लिटरची टाकी, ४ गोल्डफिश. रविवारी पाणी हिरवट दिसत होतं म्हणून सगळं काढलं, गोटे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतला आणि नळाचंच पाणी भरलं. आता पाणी काचेसारखं आहे पण मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, पंख मिटलेले, एकाचे कल्ले लालभडक. एअर पंप चालू आहे. दुकानदार म्हणतो निळं औषध टाक.

उत्तर १:
औषध नको! काचेसारख्या पाण्यावर जाऊ नका, माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया डोळ्याला दिसत नाही. स्पंजमधले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट, मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात, ते नळाच्या क्लोरीनने मेले असणार, शिवाय क्लोरीन कल्ल्यांनाही भाजतं. आत्ताच डीक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं द्रावण) टाका, मग रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, बादलीतल्या पाण्यातही डीक्लोरिनेटर घालूनच. खाणं २ दिवस बंद, उपाशी मरत नाहीत.

उत्तर २:
थेंबवालं टेस्ट किट घ्या, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही ० हवेत. आणि खरं सांगू का, ४० लिटरमध्ये ४ गोल्डफिश म्हणजे लोकलमधली सकाळची गर्दी.

प्रश्नकर्ता:
किट आणलं, अमोनिया १ पीपीएम (दहा लाखात एक भाग) 😐 पाणी बदलल्यावर दोघं खाली उतरलेत. स्पंज धुवायचाच नाही का मग?

उत्तर १:
धुवायचा, पण टाकीतून काढलेल्या पाण्यात, दोनदा हलकेच पिळून. मळका दिसला तरी चालेल.