क्लोन वॉर्समधले रंग: कुठली थिअरी धरायची, कुठली सोडायची?

निळी_पट्टी

स्पॉयलर आहेत, सातही सीझन बघून झाले नसतील तर इथूनच परत फिरा.

द क्लोन वॉर्स ही स्टार वॉर्सची अॅनिमेशन मालिका परत पहिल्यापासून बघतोय आणि ह्या वेळी गोष्ट माहीत असल्यामुळे लक्ष सारखं क्लोन सैनिकांच्या (एकाच माणसाच्या हुबेहूब प्रती) आर्मरच्या आणि बाकीच्यांच्या कपड्यांच्या रंगांकडे जातंय. २००२ च्या अटॅक ऑफ द क्लोन्स सिनेमात रंग हुद्द्याप्रमाणे होते, हिरवा सार्जंट, निळा लेफ्टनंट, लाल कॅप्टन, पिवळा कमांडर. मालिकेत मात्र रंग तुकडीचा झालाय, ५०१ निळी, २१२ केशरी, कोरुसांट गार्ड लाल, आणि त्यावर परत एकेक जण स्वतःचं काहीतरी रंगवून घेतो. हे सगळं विचार करून केलंय असं मला मनापासून वाटतं. पण थिअऱ्या वाचायला गेलो तर मालिकेतून काय आलंय आणि कोणी मनाने काय जोडलंय हेच कळेनासं झालं.

तर माझे प्रश्न असे की क्लोन कमांडर वुल्फच्या १०४व्या बटालियनचा रंग आधी मरून होता तो पुढे राखाडी झाला, हा मेलेल्या सोबत्यांचा दुखवटा आहे असं म्हणतात ते कितपत खरं? आणि अहसोकाचे (अॅनाकिन ह्या जेडाय योद्ध्याची शिष्या) पांढरे लाइटसेबर, म्हणजे उजेडाच्या तलवारी, मॉर्टिस ह्या गूढ जागी डॉटर ह्या दैवी शक्तीने तिला जीव दिला त्याची खूण आहे का? शिवाय लाल रंग दिसला की समजायचं हा पॅल्पटिनचा (वरून चॅन्सेलर, आतून खलनायक) माणूस, ही थिअरी मला पटते पण मॉल ह्या दुसऱ्या खलनायकाचे मँडलोरियन योद्धे पण लाल-काळे आहेत त्यांचं काय करायचं?

उंबारा_१०

आधी एक साधी गोष्ट लक्षात घे की सगळ्या क्लोन्सचा चेहरा एक आणि आवाजही एकच, सगळ्यांना डी ब्रॅडली बेकर यांनीच आवाज दिलाय. म्हणजे हेल्मेट घातलेलं असताना कोण बोलतोय हे बघणाऱ्याला कळायला रंगाशिवाय दुसरं साधनच नाही. त्यामुळे काही लोक लगेच म्हणतात की हे फक्त सोयीसाठी केलंय, अर्थबिर्थ काही शोधू नका. मला हे अजिबात पटत नाही, कारण जी अडचण बनवणाऱ्यांची होती तीच त्या सैनिकांची पण आहे ना, एकसारखे लाखो जण, नावाच्या जागी नंबर, मग मी वेगळा आहे हे दाखवणार कशाने? रंगानेच.

आणि रंग तिथे आयता मिळत नाही, तो कमवावा लागतो. नवीन आलेल्या पोरांना शायनी म्हणतात कारण त्यांचं आर्मर कोरं पांढरं असतं. पहिल्या सीझनमधला रिशी चंद्रावरचा एपिसोड आठव, ५०१ चा कॅप्टन रेक्स तो मोठा ईल (सापासारखा प्राणी) मारतो आणि त्याच्या निळ्या रक्ताचा हात एको ह्या नवख्याच्या छातीवर उमटवतो. पुढे एकोच्या आर्मरवर तोच पंजा निळ्या रंगात कायमचा दिसतो, आणि त्याचा सोबती फाइव्ह्जच्या हेल्मेटवर तो रिशी ईल. त्या ठाण्यावर जे सोबती गेले त्यांची आठवण ही दोघं अंगावर घेऊन फिरतात. हे सगळं पडद्यावर आहे, थिअरीची गरजच नाही.

आता उंबारा ग्रहावरची लढाई. चौथ्या सीझनचे ते चार एपिसोड (७ ते १०) रंगांसाठी म्हणून परत बघ. जेडाय जनरल क्रेल, जो पुढे फितूर निघतो, ५०१ ला सांगतो की शत्रूने आपल्या माणसांचं आर्मर चोरलंय आणि ते क्लोन बनून येताहेत, दिसले की गोळ्या घाला. आणि तिकडे २१२ च्या लोकांना पण हेच सांगितलेलं असतं. अंधार, धुकं, कोणाचा रंग कोणाला दिसत नाही, आणि दिसला असता तरी रंगावर विश्वास ठेवायचा नाही असाच हुकूम. शेवटी रेक्स एका पडलेल्याचं हेल्मेट काढतो आणि आत स्वतःचाच चेहरा. मग धावत जाऊन सगळ्यांना ओरडून सांगतो की हेल्मेट काढा. म्हणजे ज्या रंगाने माणूस ओळखायचा तोच खोटा पाडला की आपल्याच भावाला मारायला लावता येतं, हे ऑर्डर ६६ च्या (क्लोन्सना जेडायना मारायला लावणारा हुकूम) कितीतरी आधी मालिकेने दाखवून ठेवलंय. तिथे २१२ चा वॅक्सर मरतो, ज्याच्या हेल्मेटवर रायलॉथ ग्रहावरच्या नुमा ह्या छोट्या मुलीचं चित्र आहे. मला तो सीन अजूनही नीट बघवत नाही.

बेस्कार_आणि_राख

वुल्फच्या राखाडीबद्दल मी लिहिते कारण ह्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

मँडलोरियन रंगांची जी यादी सगळीकडे फिरते ना, निळा म्हणजे भरवसा, हिरवा कर्तव्य, काळा न्याय, सोनेरी सूड, लाल म्हणजे वडिलांचा मान, राखाडी म्हणजे गेलेल्या प्रेमाचा शोक, ती जुन्या कादंबऱ्यांच्या काळातली आहे. २०१४ मध्ये ते सगळं लेजंड्समध्ये गेलं, म्हणजे आताच्या अधिकृत गोष्टीत (कॅननमध्ये) ते धरत नाहीत. ही यादी मालिकेत कोणीच म्हणून दाखवत नाही. तरी लोक ती घेतात आणि प्रत्येक आर्मरला लावत सुटतात, बो-कटान ही मँडलोरियन निळी आहे म्हणजे भरवशाची, असं. अरे पण ती निळी असताना डेथ वॉच ह्या बंडखोर मँडलोरियन टोळीत होती, स्वतःच्या बहिणीच्या विरोधात होती, तेव्हा कुठला भरवसा? त्यामुळे राखाडीवरून वुल्फचा दुखवटा सिद्ध करायचा असेल तर ती यादी बाजूला ठेवा.

पण दुखवटा मला मान्य आहे, वेगळ्या कारणाने. मॅलेव्होलन्सचा पहिला एपिसोड बघा. शत्रूचा जनरल ग्रीव्हसच्या त्या मॅलेव्होलन्स जहाजाने जेडाय प्लो कूनचा सगळा ताफा संपवला, वाचले कोण तर पॉडमध्ये अडकलेले स्वतः प्लो कून, वुल्फ, सिंकर आणि बूस्ट. तिथे सिंकर म्हणतो की आम्ही क्लोन आहोत, आम्ही खर्ची पडण्यासाठीच आहोत, आणि प्लो कून म्हणतात, माझ्यासाठी नाही. त्या वेळी त्यांच्या आर्मरवर मरून पट्टे आहेत. त्यानंतर ही माणसं दिसतात ती राखाडीत, लांडग्याची खूण घेऊन, वुल्फपॅक म्हणून. मधे काय झालं ते मालिकेत कोणी तोंडाने सांगत नाही, पण जवळजवळ अख्खी बटालियन गेल्यावर उरलेल्यांनी जुना रंग सोडला, हे वाचायला कुठल्या यादीची गरज लागत नाही. मी ह्याला थिअरीच म्हणेन, पण पाया असलेली.

मॉलच्या लोकांचं सोपं आहे. पाचव्या सीझनमध्ये मॉल डेथ वॉचचा ताबा घेतो तेव्हा जे त्याच्याकडे जातात ते आपलं आर्मर त्याच्या चेहऱ्याच्या रंगात रंगवतात, लाल आणि काळं, काहींच्या हेल्मेटला तर शिंगं पण आहेत. म्हणजे तिथे लाल हा पॅल्पटिनचा नाही, त्या माणसाच्या अंगाचा रंग आहे.

मोराई

अहसोकाच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

लाइटसेबरवाली थिअरी आहे तशी टिकत नाही. तिचा पहिला सेबर हिरवा, तिसऱ्या सीझनपासून त्याच्या जोडीला पिवळसर हिरवा छोटा, पाचव्याच्या शेवटी ती जेडाय ऑर्डर सोडते, मग सातव्यात अॅनाकिन तिला तिचे सेबर परत देतो ते निळे होऊन येतात. पांढरे दिसतात ते रिबेल्स ह्या पुढच्या मालिकेत, २०१५ ला. आणि पांढरे का, ते २०१६ च्या अहसोका कादंबरीत स्पष्ट आहे, एका इन्क्विझिटरचे (जेडायना शोधून मारणारा) सेबरमधले लाल क्रिस्टल ती मिळवते आणि शुद्ध करते. लाल क्रिस्टल मुळात लाल नसतोच, डार्क साइडवाले त्याला वेदना देऊन लाल करतात, ती वेदना गेली की उरतो तो पांढरा. ह्यात डॉटर कुठेच नाही. आणि मला विचाराल तर हे उत्तर जास्त सुंदर आहे, कारण मॉर्टिसवर तिला जीव मिळाला तेव्हा तिने स्वतः काही केलं नव्हतं, इथे तिने केलंय. पांढरा म्हणजे जेडाय पण नाही आणि सिथ (डार्क साइडवाले) पण नाही, आणि ही जागा तिने स्वतः मिळवली.

पण म्हणून डॉटर बाजूला पडत नाही. मॉर्टिसच्या तीन भागांमध्ये (२०११) डॉटर पांढऱ्या कपड्यात, केस हिरवे, अंगातून उजेड येतोय. तिचा भाऊ सन काळा, त्यावर लाल. डॉटर मरते आणि तिचा उरलेला जीव अॅनाकिनमधून अहसोकात जातो. आता रिबेल्समधला तो घुबडासारखा पक्षी बघा, मोराई, माझं नाव त्याच्यावरूनच आहे, तो पण पांढरा-हिरवाच. जिथे अहसोका जिवावर उदार झालेली असते तिथे तो असतो. मॅलाकोर ग्रहावर होता, वर्ल्ड बिट्वीन वर्ल्ड्स ह्या काळापलीकडच्या जागेत होता. आणि क्लोन वॉर्सच्या अगदी शेवटच्या सीनमध्ये व्हेडर (अॅनाकिनच पुढे हा होतो) बर्फात तिचा सेबर उचलतो आणि वर बघतो, तेव्हाही आकाशात एक पक्षी आहे. मग २०१८ मध्ये रिबेल्सच्या शेवटी ती येते ती पूर्ण पांढऱ्या झग्यात. म्हणून मी म्हणते की सेबरला डॉटर जोडू नका, पक्ष्याला आणि त्या झग्याला जोडा, तिथे ती बसते.

निळ्या सेबरबद्दल कोणी फार बोलत नाही. अॅनाकिनचा सेबर निळा आहे, तिचे परत करताना तो ते आपल्या रंगाचे करून देतो. आणि ते दोघं त्यानंतर अॅनाकिन अॅनाकिन असताना जिवंतपणी परत कधी भेटत नाहीत.

निळी_पट्टी

व्वा, मोराईचा रंग माझ्या लक्षातच आला नव्हता, आणि शेवटच्या सीनमधला पक्षी पण आत्ता परत जाऊन बघितला.

हे सगळं वाचताना एक सुचलं ते मांडतो. क्लोन्सच्या बाजूने पांढरा म्हणजे अजून कोणी नसलेला, शायनी, कोरा. अहसोकाच्या बाजूने पांढरा म्हणजे कोणाचीच नसलेली, पण स्वतःच्या मर्जीने. रंग एकच, पण एकाकडे तो काही मिळायच्या आधी आहे आणि दुसरीकडे सगळं सोडून दिल्यानंतर. आणि ह्या दोन बाजू एकत्र येतात त्या मँडलोरच्या वेढ्यात. ३३२ चे क्लोन तिच्यासाठी हेल्मेट केशरी रंगवतात, तिच्या चेहऱ्याचा रंग, आणि त्यावर तिच्या चेहऱ्यावरच्याच पांढऱ्या खुणा. ती तेव्हा जेडाय पण नाहीये, त्यांची कमांडर पण अधिकृतपणे नाहीये, कोणी हुकूम दिलेला नाही, त्यांना वाटलं म्हणून त्यांनी रंगवलं. आणि तीच हेल्मेटं दोन एपिसोडनंतर तिला मारायला येतात. मेंदूत बसवलेल्या चिपने डोकं ताब्यात घेतलं पण रंग तसाच राहिला, हे बघताना मला फार त्रास झाला. ती आणि रेक्स त्या सगळ्यांना पुरतात आणि वर ती हेल्मेटं लावतात, म्हणजे तिच्या लेखी रंग खराच होता, हुकूम खोटा होता.

लाल आणि पॅल्पटिनचं कोणी सांगाल का?

उंबारा_१०

मस्त लिहिलंस, मला हे मान्य आहे. लालचं मी सांगतो. कोरुसांट गार्ड लाल, चॅन्सेलरचे ते झगेवाले रक्षक लाल, त्याचं ऑफिस लाल, एवढं खरं. आणि सहाव्या सीझनमध्ये फाइव्ह्ज चिपचं सत्य घेऊन धडपडत असतो तेव्हा त्याला गोळी घालतो तो फॉक्स, लाल आर्मरचाच. पण म्हणून फॉक्स पॅल्पटिनचा माणूस म्हणायचं हे मला जड जातं. फाइव्ह्जने हत्यार उचललेलं असतं, फॉक्सला चिपबद्दल काही माहीत नाही. तो राजधानीत नेमलेला सैनिक आहे आणि राजधानी पॅल्पटिनच्या हातात आहे. लाल रंग कोणाच्या सगळ्यात जवळ नेऊन उभा केलाय एवढंच तो सांगतो, मनात काय आहे ते नाही.

आणि तू पांढऱ्याचं बोललास तर द बॅड बॅच ही पुढची मालिका बघितलीय का? दुसऱ्या सीझनमधला सॉलिटरी क्लोन. कोडी येतो, २१२ चा कोडी, आणि त्याच्या आर्मरवर केशरी उरलेला नाही. पॅल्पटिनचं एम्पायर आल्यावर हळूहळू सगळ्यांचंच तसं होतं आणि पुढे स्टॉर्मट्रूपर येतात ते सगळे पांढरे. ज्यांनी कमवलेलं होतं त्यांना परत शायनी करून टाकलं.

बेस्कार_आणि_राख

ह्यातच एक जोडते. रिबेल्समध्ये म्हातारा रेक्स एकदा मिशनसाठी स्टॉर्मट्रूपरचं आर्मर घालतो आणि घातल्या घातल्या तक्रार करतो की ह्यातून काही दिसतच नाही. तिथे सगळे हसतात, पण ज्या माणसाने फेज दोनचं (नव्या बनावटीचं) हेल्मेट मिळाल्यावर जुन्याचे तुकडे त्याला जोडून घेतले, त्यावरचे जेग आइज (डोळ्यांची मँडलोरियन खूण) परत रंगवले, त्याला ते कोरं हेल्मेट कसं वाटलं असेल.

आणि मग साबीन आहे, एम्पायरच्या अकादमीतून पळालेली मँडलोरियन, जी दर सीझनला आर्मर नव्याने रंगवते आणि दिसेल त्या भिंतीवर रंग मारते. तिच्यासाठी वेगळा धागा काढायला हवा, इथे ती मावणार नाही.

मोराई

साबीनचा धागा काढलास तर मी आहे. निळी_पट्टी, तू आधी सॉलिटरी क्लोन बघ, आणि त्याच्या आधी उंबाराचे चार परत. कोडीच्या २१२ चा केशरी आधी डोळ्यांत असेल तरच त्याचं नसणं जाणवतं.