हायराकॉन्पोलिसची भट्टी बिअरचीच कशावरून?

प्रश्न:
वरच्या (म्हणजे दक्षिण) इजिप्तमधल्या हायराकॉन्पोलिसला (जुनं नाव नेखेन) जमिनीत पुरलेले मातीचे मोठे रांजण आणि भोवती जाळाच्या खुणा सापडल्या. काळ साधारण इ.स.पू. ३६००, आणि त्यांना बिअरची भट्टी म्हणतात. पण इजिप्तमधल्याच अबायडॉसला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशीच रचना निघाली तेव्हा ती धान्य भाजायची भट्टी ठरवली होती. शिवाय याच वस्तीत कुंभारांच्या भट्ट्याही आहेत. मग फरक ओळखायचा कसा?

प्रतिसाद १:
रचनेवरून नाही, रांजणाच्या आतल्या थरावरून. कुंभाराच्या भट्टीत वाकडी झालेली, तडकलेली, जास्त भाजून वितळलेली मडकी टाकून दिलेली मिळतात. इथे रांजण जागेवर उभे आहेत, जाळ बाहेरून लागलाय आणि आत तळाशी काळी, चकचकीत खरपुडी आहे. कोरडं धान्य भाजताना ती धरत नाही, त्यासाठी पातळ लगदा शिजावा लागतो. तिच्यात खपली गहू आणि जव यांचे अवशेष मिळाले.
रांजणांना बाहेरून मातीचा जाड लेप असतो, त्याचंही कारण आहे. मोड आणलेल्या धान्यातलं विकर (एन्झाइम) साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसला पिठूळ भागाची, म्हणजे स्टार्चची, साखर करतं, त्याहून फार तापलं की निकामी होतं. लेपामुळे आच हळू लागते. तरी ढवळणं कमी पडलं की तळ लागतो, आणि तो लागलेला तळच आज आपल्या हाती आहे.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत, पण खरपुडी एकटी पुरेशी नाही. खळ किंवा पेज शिजवली तरी स्टार्चचे कण फुगून फुटतातच. बिअर म्हणायला मोडाची खूण हवी: विकराने कुरतडलेले, खड्डे पडलेले कण. दोन्ही एकत्र दिसले तर दावा पक्का.
नमुना इथेच बिघडतो. खापर धुवायचं नाही. पावडर लावलेले हातमोजे वापरायचे नाहीत, त्या पावडरीत बहुधा मक्याचा स्टार्च असतो. आतल्या थराबरोबर त्याच खापराची बाहेरची बाजू आणि शेजारची माती यांचेही नमुने घ्यायचे. तिन्हीकडे सारखेच कण निघाले तर ते जमिनीतून आलेत, रांजणातले नव्हेत. मका दिसला तर निदान तो तरी आधुनिक भेसळ, कारण तो अमेरिकेतून जगात पसरला.

प्रश्नकर्ता:
आणि तारीख? कोळशावरून?

प्रतिसाद ३:
कोळसा चालतो, पण जुन्या खोडाचा असेल तर तारीख मागे जाते. चिकटलेला दाणा उत्तम, कारण तो एकाच हंगामातला. जोडीला मडक्यांच्या घडणीचा क्रम पाहायचा. इ.स.पू. ३३५० ते ३००० या पट्ट्यात कार्बनच्या मोजमापावरून वर्ष काढायची वक्ररेषा सपाट असल्याने तिथे एकट्या तारखेवर विसंबू नये. हायराकॉन्पोलिस त्याआधीचं म्हणून बरं.
अबायडॉसचीही ती रचना बिअरचीच भट्टी होती; तिथल्या नव्या उत्खननाची माहिती २०२१ मध्ये जाहीर झाली. तिथे ८ विभाग, प्रत्येकात सुमारे ४० रांजण, एका खेपेला अंदाजे २२,४०० लिटर. म्हणजे रांजणी ७० लिटर. एवढी बिअर घरगुती नसते. उत्खननकर्त्यांच्या मते ती तिथल्या राजांच्या विधींसाठी होती, एकसंध इजिप्तचा पहिला मानला जाणारा राजा नारमेर याच्या सुमारास.