अनुभव धागा : त्रिनिदाद-टोबॅगोच्या सहलीत आपण कुठे आणि केव्हा जेवलात?

कॅरिबियन बेटांच्या सहलीचा विषय निघाला की किनारे, विमाने आणि हॉटेले यांवर भरपूर चर्चा होते. जेवणाचा प्रश्न मात्र ‘तिथे आपली माणसे पुष्कळ आहेत’ एवढ्या एका वाक्यात निकालात काढला जातो. त्रिनिदादपुरते हे अर्धेच खरे आहे. करारबद्ध मजुरांना घेऊन कलकत्त्याहून निघालेले ‘फतेल रझाक’ हे जहाज ३० मे १८४५ रोजी तिथे पोहोचले आणि हा ओघ १९१७ पर्यंत चालू राहिला. पण ती माणसे बहुतांशी आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधली होती, आणि आफ्रिकी वंशाच्या शेजाऱ्यांबरोबर इतकी वर्षे नांदल्यावर त्यांचे जेवण इतके पालटले आहे की पोळी-भाजी शोधत फिरणारा तिथे निराश होतो. ज्यांनी तिथे प्रत्यक्ष खाल्ले आहे त्यांनी कृपया आपले अनुभव लिहावेत. ठिकाणाबरोबर वेळही अवश्य लिहावी, कारण त्या देशात चुकीच्या वेळी गेलेल्याला उत्तम ठिकाणीही रिकामी पातेलीच दिसतात.

कूव्हा, त्रिनिदाद येथून

पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत माझी नोकरी असल्यामुळे मी इथला पाहुणा नाही, म्हणून सुरुवात करण्याचे धाडस करतो. पहिली विनंती अशी, की सकाळचा नाश्ता हॉटेलात करू नये. इथली न्याहारी म्हणजे डबल्स. प्रिन्सेस टाउनच्या दीन कुटुंबाने १९३० च्या दशकात हा पदार्थ रूढ केला असे मानले जाते. हळद घातलेल्या मैद्याचे दोन मऊ, तळलेले ‘बारा’ विक्रेता कागदावर अर्धे एकमेकांवर येतील असे ठेवतो, त्यांवर शिजवून रसरशीत झालेल्या काबुली चण्यांचा डाव रिकामा करतो, वर काकडीचा कीस, चिंचेची चटणी आणि कुचेला (किसलेल्या कैरीचे लोणचे) घालतो, आणि कागदाची दोन टोके पिळून पुडी हातात देतो. समोर दहा-बारा माणसे उभी असली, तरी कोणाला किती तिखट हवे आणि कोणाचे कितवे डबल्स चालू आहे, हे तो कुठेही न लिहिता लक्षात ठेवतो. पैसे खाऊन झाल्यावर द्यायचे असतात. चमचा मिळत नाही. ओले रुमाल जवळ बाळगावेत.

तिखटाबद्दल विचारले की ‘स्लाइट’ एवढेच म्हणावे. याच बेटावरील मोरुगा गावच्या ‘स्कॉर्पियन’ मिरचीला २०१२ मध्ये जगातील सर्वांत तिखट मिरची ठरवण्यात आले होते, त्यामुळे कोल्हापूरकरांनीही पहिल्या दिवशी अभिमान आवरावा हे बरे. नामांकित गाड्यांवरचा माल सकाळी नऊ-दहापर्यंत संपतो. क्युरेपच्या चौकात मात्र संध्याकाळीही गाड्या लागतात.

दुपारी रोटी खावी. ‘धालपुरी’ म्हणजे वाटाण्याच्या डाळीचे कोरडे सारण भरलेली मोठी, पातळ रोटी. तीत बटाटा-चणे, भोपळा किंवा मांसाचा रस्सा घालून तिची घडी करून देतात. ‘बस-अप-शट’ ही तव्यावरच लाकडी पट्ट्यांनी आपटून मोकळी केलेली पराठ्यासारखी रोटी वेगळ्या रश्श्याबरोबर येते आणि ती बसून खाण्याचीच गोष्ट आहे. संध्याकाळी दक्षिणेकडे असाल तर सॅन फर्नांडोच्या पुढे डेबे गावी थांबावे. तिथे रस्त्याच्या कडेला ओळीने टपऱ्या आहेत आणि फुलौरी (डाळीच्या पिठाची गोल भजी), बैगनी (वांग्याची भजी), कचोरी व सहीना गरम तळून मिळतात. सहीना पाहून आपल्या अळूवडीची आठवण होतेच. पाने अळूचीच असतात, फक्त उंडा वाफवण्याऐवजी डाळीच्या पिठात घालून तळतात.

न्यू जर्सी येथून

आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन गेलो होतो आणि दोघेही कडक शाकाहारी आहेत. वरील सदस्यांनी सांगितलेले बहुतेक पदार्थ मांसविरहित आहेत, ही मोठीच सोय आहे. परंतु एका गोष्टीची सूचना द्यायला हवी. ‘कलालू’ ही अळूची पाने, भेंडी आणि नारळाचे दूध घोटून केलेली हिरवी भाजी दिसायला पूर्ण शाकाहारी असते. प्रत्यक्षात तीत खेकडा किंवा खारवलेले डुकराचे मांस घालण्याची पद्धत आहे. एका उपाहारगृहात (नाव देत नाही) वाढणाऱ्या मुलीने ‘व्हेज’ म्हणून सांगितले आणि पातेल्यातून डावाबरोबर खेकड्याची नांगी वर आली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी फक्त केळी खाल्ली. तेव्हा ‘व्हेज आहे का’ असे न विचारता ‘यात खेकडा, मासा, मांस यांपैकी काय आहे’ असे एकेक नाव घेऊन विचारावे.

दिवाळीच्या सुमारास जाणार असाल तर चगुआनासच्या दिवाळी नगरला अवश्य जावे. १९८६ पासून भरणाऱ्या या उत्सवात दिवाळीच्या आधीच्या नऊ रात्री मांस आणि मद्य वर्ज्य असते. ज्येष्ठांना घेऊन निश्चिंतपणे जेवता येईल अशी याहून चांगली जागा मला तरी त्या देशात दिसली नाही. ‘सोहारी’ नावाच्या रुंद पानावर रोटी, भोपळा, चणे-बटाटा, आंब्याची गोड-तिखट भाजी वाढतात.

दादर, मुंबई येथून

माझे निमित्त क्रिकेटचे होते. पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजविरुद्ध भारताला पहिला कसोटी विजय मिळवून दिला आणि गावसकरांनी तिथेच पदार्पण केले. ते मैदान पाहायचेच होते. सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर डबल्स मिळते, परंतु जेवणासाठी तिथून चालत जाण्यासारख्या अंतरावरील अरियापिटा अव्हेन्यू गाठावा. तिथल्या उपाहारगृहांची सारी गर्दी रात्रीची असते. त्याहून मला क्वीन्स पार्क सव्हाना हे विस्तीर्ण मैदान अधिक आवडले. संध्याकाळी त्याच्या कडेला खाण्याचे गाडे लागतात आणि शहाळी मिळतात. तिथले कॉर्न सूप, म्हणजे डाळीच्या दाट रश्श्यात मक्याच्या कणसाचे तुकडे आणि कणकेचे गोळे, हे रात्री उशिरा खाण्याचे अन्न आहे. कार्निव्हलच्या दिवसांत तर पहाटेपर्यंत नाचून आलेली माणसे तेच पीत उभी असतात.

टोरोंटो येथून

टोबॅगोविषयी कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहिते. पोर्ट ऑफ स्पेनहून बोटीने किंवा छोट्या विमानाने तिथे जाता येते. आम्ही जेवणासह दर असलेल्या एका हॉटेलात उतरलो होतो आणि तिथल्या बुफेत पास्ता, सॉसेज आणि थंडगार सॅलड याखेरीज फारसे काही नसे. बेटावर आल्याचा पत्ताच लागू नये असे ते जेवण होते. माझे स्पष्ट मत असे आहे, की टोबॅगोत फक्त खोलीचे भाडे द्यावे आणि दुपारी स्टोअर बे गाठावे. विमानतळापासून जवळच, किनाऱ्याला लागून, स्थानिक बायकांच्या खानावळींची एक रांग आहे आणि बहुतेकींवर त्या बाईंचेच नाव लिहिलेले आहे. प्रत्येकीचे गिऱ्हाईक ठरलेले असते आणि ते दुसरीकडे पाहतही नाही.

तिथे ‘क्रॅब अँड डम्पलिंग’ मागवावे. नारळाच्या दुधातल्या पिवळ्या रश्श्यात कवचासकट खेकडा, आणि बाजूला मैद्याचे चपटे, घट्ट डम्पलिंग. खेकडा हातानेच फोडावा लागतो, रस्सा कोपरापर्यंत ओघळतो आणि पांढरा सदरा कायमचा पिवळा होतो. मालवणी घरात वाढल्यामुळे मला हे नवीन नव्हते. माझ्या कॅनेडियन जावयाला मात्र शेजारच्या टेबलावरच्या आजींनी नांगी कुठे दाबायची ते उठून दाखवले. खेकडा दुपारी बारा वाजल्यानंतर लवकर संपतो. उत्तर किनाऱ्यावरील कस्तारा गावात किनाऱ्यालगत मातीच्या भट्टीत पाव भाजतात. तो ठरावीक दिवशीच होतो, तेव्हा आदल्या दिवशी गावात चौकशी करावी.

कूव्हा येथून, पुन्हा

वर उपाहारगृहांचा उल्लेख आला म्हणून सांगतो : मोठ्या ठिकाणी पदार्थाच्या किमतीवर १२.५ टक्के व्हॅट आणि बहुधा १० टक्के सेवाशुल्क वेगळे लागते, त्यामुळे खाद्यपत्रिकेतील आकडा अंतिम समजू नये. रविवारी रोटीची बरीच दुकाने बंद असतात. त्या दिवशी लोक घरी मॅकरोनी पाय, कलालू आणि भाजलेली कोंबडी करतात किंवा माराकासच्या किनाऱ्यावर जातात.

पुणे येथून

माराकासबद्दल थोडे. उत्तरेकडील डोंगरातून जाणारा तो रस्ता दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याने बांधला. वाटेतल्या उंचवट्यावर थांबून अननसाचा किंवा कैरीचा ‘चाऊ’ घ्यावा, म्हणजे लसूण, मीठ, मिरची आणि कोथिंबिरीच्या वासाची ‘शॅडो बेनी’ची पाने लावलेल्या फोडी. किनाऱ्यावर सगळे ‘बेक अँड शार्क’ खातात : तळलेल्या भाकरीवजा पावात तळलेला मासा, आणि त्यावर काय घालायचे ते समोर मांडलेल्या चटण्यांमधून आपणच निवडायचे. चिंच, लसूण आणि शॅडो बेनी या तीन चटण्यांवर थांबावे; सगळ्याच घातल्या तर माशाची चव उरत नाही. शार्कची संख्या घटत असल्याने आम्ही दुसरा मासा मागितला आणि तो सहज मिळाला. शनिवार-रविवारी दुपारी तिथे फार गर्दी होते. अकराच्या आत पोहोचावे.

न्यू जर्सी येथून

परतताना काय आणावे असे खासगी निरोपातून दोघांनी विचारले आहे. कुचेला आणावा, किसलेली कैरी वाळवून मसाला आणि मोहरीच्या तेलात मुरवलेले ते लोणचे सुपरमार्केटात बाटलीबंद मिळते, पण मंडईत घरगुती मिळाला तर तोच घ्यावा. बाटलीचे झाकण टेपने बंद करून ती विमानतळावर सोपवायच्या (चेक-इन) सामानात ठेवावी, कारण हातातल्या पिशवीतून नेऊ देत नाहीत.